फक्त जाण्याचं विमान

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



ब्रह्मदेश हा शब्द मी नकाशात वाचण्याआधी लाकडात ऐकला. आमचे अब्बा पहूरला सुतारकाम करायचे. बैलगाड्या, दारं-चौकटी, पाळणे, आणि वेळ आली की जनाज्याची खाट. या शेवटच्या कामाची मजुरी ते घेत नसत. शेंदुर्णीकडचा एखादा जुना वाडा पडला की तिथली तुळई नाहीतर दाराची फळी त्यांच्याकडे विकायला यायची. अब्बा तिच्यावरून तळहात फिरवायचे, नखानं किंचित खरवडून नाकाशी न्यायचे आणि म्हणायचे, "बर्मा का है." पुढं घासाघीस होत नसे. बर्मा म्हणजे साग, एवढीच कित्येक वर्षं माझी भूगोलाची समज होती. हे का सांगतोय, ते पुढं कळेल. या सागानंच एका रात्री मोठा घोळ घातला होता.

आज मी दुसऱ्या महायुद्धातल्या ग्लायडरांविषयी बोलणार आहे. ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेलं विमान. कवितेच्या माणसानं या भानगडीत का पडावं, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण माझी धाकटी बहीण पहूरलाच दिलेली आहे आणि तिचा मुलगा अग्निवीर भरतीची तयारी करतो. पहाटे पाचला जामनेर रस्त्यावर पळतो आणि दुपारी सामान्य ज्ञानाची पुस्तकं पाठ करतो. त्या पुस्तकात कुठंतरी 'चिंडिट' हा शब्द आला. त्याच्या खाली ग्लायडरचं एक बोटभर चित्र. पोरगा माझ्याकडे आला. "मामू, बिना इंजन का विमान लढाई में कायको?"

मी बी.ए. आहे, तेही मराठी घेऊन. उत्तर येत नव्हतं. पण भाच्यासमोर 'मला माहीत नाही' म्हणायची मामाला लाज वाटते. म्हणून वाचायला बसलो आणि त्यात गुंतून गेलो.

आपल्याकडे वाघूरच्या काठावर दुपारी घार बघा. पंख हलवत नाही, नुसती तरंगते. ग्लायडरचं तत्त्व तेच. फरक इतकाच, की घार आपल्या मर्जीनं वर चढते. लढाईतलं ग्लायडर मात्र दुसऱ्या विमानाच्या मागं दोरानं बांधून न्यावं लागे. डाकोटासारखं इंजिनाचं विमान पुढं आणि शे-सव्वाशे पावलांच्या दोराला लटकून मागं ग्लायडर. जागा आली की ग्लायडरचा पायलट खटका ओढतो, दोर सुटतो. मग फक्त वाऱ्याचा आवाज. तिथून पुढं त्याला एकच संधी. जमलं नाही तर परत वर जाऊन दुसरी फेरी मारता येत नाही. खाली यायचं ते यायचंच.

मग हवं कशाला असलं विमान? एक तर स्वस्त. दुसरं म्हणजे छत्रीनं उड्या मारणारे सैनिक वाऱ्यानं विखुरतात, एक इथं तर दुसरा कोसभर पलीकडे. ग्लायडरमधून तेरा-चौदा माणसं एकदम, एका जागी, हत्यारांसह उतरतात. जीप नेता येते, तोफ नेता येते, छोटा बुलडोझरही नेता येतो. धावपट्टी नको, एखादं माळरान पुरतं. आणि येताना आवाज नाही.

पहिल्यांदा हे जर्मनांनी करून दाखवलं. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहानं त्यांच्या विमानांवर बंधनं आली, तेव्हा तिथली तरुण पोरं डोंगरांवर जाऊन बिनइंजिनाची विमानं उडवू लागली. खेळ म्हणून. त्या खेळातून तयार झालेले हात पुढं लष्कराला मिळाले. १० मे १९४० च्या पहाटे बेल्जियममधल्या एबेन-एमाएल या किल्ल्याकडे ११ ग्लायडर निघाले. सगळे पोचले नाहीत. जे पोचले ते थेट किल्ल्याच्या माथ्यावर उतरले. सत्तर-ऐंशी माणसांनी किल्ल्याच्या तोफा निकामी केल्या आणि दुसऱ्या दिवशी हजारभर शिबंदीचा तो किल्ला शरण आला. आपल्या देवगिरीसारखा अवघड किल्ला कुणी वरून आभाळातून येऊन घेतला, अशी कल्पना करा.

हे पाहून इंग्रज-अमेरिकनही कामाला लागले. अमेरिकेनं 'वॅको' नावाची ग्लायडरं १३ हजारांहून अधिक बांधली. पंखांचा पसारा ८३ फूट, लांबी ४८ फूट. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, वर कापड, खाली प्लायवूडची जमीन. जवळजवळ स्वतःच्या वजनाएवढं ओझं उचलायचं. इंग्रजांचं 'होर्सा' तर बहुतेक लाकडाचंच. आणि ही बांधली कुणी? विमानांचे कारखाने लढाऊ विमानांत अडकलेले, म्हणून काम गेलं लाकडाच्या लोकांकडे. इंग्लंडात फर्निचरवाल्यांनी होर्साचे भाग केले. अमेरिकेत पियानो बनवणाऱ्या स्टाइनवे कंपनीनं वॅकोचे भाग केले.

एक हकिगत मला वाचवेना. १ ऑगस्ट १९४३ ला अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात ग्लायडरचं प्रात्यक्षिक होतं. शहराचे महापौर आणि इतर मोठी माणसं कौतुकानं आत बसली. हजारो लोक बघत असताना हवेत एक पंख निखळला. आतले दहाही जण गेले. पंखाला आधार देणाऱ्या दांडीचा जोड कातताना पातळ झाला होता. तो जोड ज्या कारखान्यात बनला, तिथं आधी शवपेट्यांचं काम चालायचं.

हे वाचलं तेव्हा मला अब्बांचं दुकान दिसलं. एका कोपऱ्यात रंग दिलेला पाळणा, दुसऱ्या कोपऱ्यात मशिदीतून दुरुस्तीला आलेली जनाज्याची खाट, आणि दोन्हींवर चालणारा रंधा एकच. अब्बा म्हणायचे, गाडीचा आरा ढिला राहिला तर शिव्या मलाच बसतील, पण खाटेचा पाया ढिला राहिला तर शिव्या घालायला माणूस उरत नाही, म्हणून ते काम जास्त नीट करायचं.

आता आपल्या देशाकडे येतो. आपल्याकडूनच ग्लायडरांची एक मोठी मोहीम निघाली, पण तिची आठवण कमी निघते.

१९४२ मध्ये जपान्यांनी ब्रह्मदेश घेतला. ऑर्ड विंगेट नावाचा एक विक्षिप्त इंग्रज सेनानी होता. त्याचं म्हणणं असं, की शत्रूच्या समोर लढण्यापेक्षा त्याच्या पाठीमागं खोल जंगलात सैन्य नेऊन ठेवायचं आणि त्याला रसद विमानानं पुरवायची. त्याच्या सैनिकांना चिंडिट म्हणत. ब्रह्मी देवळांच्या दारात 'चिन्थे' नावाचा सिंह बसलेला असतो, त्यावरून. १९४३ च्या पहिल्या मोहिमेला ते पायी गेले आणि निम्मे-अर्धे मोडून परत आले. जखमींना वाटेत सोडावं लागलं होतं. दुसऱ्या वेळी विंगेटनं ठरवलं, विमानानं जायचं. या सैन्याची तयारी ग्वाल्हेर, झाशी, ललितपूर या भागात झाली. मुंबईहून तिकडे जाणारा लोहमार्ग आपल्या पाचोरा-जळगाव-भुसावळवरूनच जातो. आमच्या पहूरहून निघणारी 'पीजे', म्हणजे पाचोरा-जामनेर ही छोटी गाडी, याच मार्गाला जाऊन मिळायची.

आसामात कचार भागात लालाघाट म्हणून एक मैदान होतं. ५ मार्च १९४४ च्या संध्याकाळी तिथं ग्लायडरांच्या रांगा लागल्या होत्या. मोहिमेचं नाव 'ऑपरेशन थर्सडे', म्हणजे गुरुवार. प्रत्यक्षात तो रविवार होता. लष्करी नावांचं असंच असतं. उतरायच्या जागांची नावंही तशीच: ब्रॉडवे, पिकॅडिली, चौरंगी. न्यूयॉर्क, लंडन, कलकत्ता. भर जंगलातल्या मोकळ्या गवताळ तुकड्यांना शहरांतल्या झगमगत्या रस्त्यांची नावं.

विंगेटचा हुकूम होता, की या जागांवरून टेहळणीची विमानं न्यायची नाहीत, जपान्यांना संशय येईल. पण मोहिमेतल्या अमेरिकन हवाई तुकडीचा प्रमुख फिलिप कॉक्रन याला राहवलं नाही. त्यानं गुपचूप एक विमान पाठवून फोटो काढून आणले. ते फोटो निघायच्या थोडंच आधी, ओलेच, मैदानावर आले. पिकॅडिलीच्या गवतावर आडवे-तिडवे ओंडके पडलेले. सागाचे.

लालाघाटला काय वातावरण झालं असेल! सैन्याचा सेनापती स्लिम तिथं उभा, विंगेट उभा, ब्रिगेडचा प्रमुख कॅल्व्हर्ट उभा. जपान्यांना सुगावा लागला का? फितुरी झाली का? नंतर कळलं ते साधं होतं. लाकूडतोड करणाऱ्यांनी ओंडके तिथं वाळायला टाकले होते. बर्मा का है! पण त्या घडीला हे कुणाला ठाऊक? पिकॅडिली रद्द झाली आणि सगळ्यांनी ब्रॉडवेवरच उतरायचं ठरलं. सहा वाजून गेल्यावर पहिली जोडी उडाली. एका डाकोटामागं दोन-दोन ग्लायडरं बांधलेली.

ग्लायडरं ओव्हरलोड झाली होती. सैनिकांनी जास्तीची काडतुसं, जास्तीचं अन्न दडवून घेतलेलं. एस.टी.त बाजाराच्या दिवशी जशी गाठोडी वाढतात तसं. पुढं सात-आठ हजार फुटांचे डोंगर. तिथल्या हिसक्यांनी नायलॉनचे दोर तुटू लागले. त्या रात्री साठाहून अधिक ग्लायडरं निघाली, ब्रॉडवेला पस्तीसेक पोचली. काहींना वाटेतून मागं बोलावलं, बाकीची इकडे-तिकडे पडली, काही थेट जपान्यांच्या हद्दीत. त्यातली काही माणसं पकडली गेली, काही मेली, काही जंगलातून चालत चिंदविन नदी ओलांडून परत आली. मजा अशी, की ठिकठिकाणी पडलेल्या या ग्लायडरांमुळे नेमकं सैन्य कुठं उतरलंय याचा जपान्यांना पत्ताच लागेना.

आणि ब्रॉडवेवर? वरून काढलेल्या फोटोत ते मैदान सपाट दिसत होतं. प्रत्यक्षात गवताखाली खोल चऱ्या होत्या. पावसाळ्यात हत्तींनी सागाचे ओंडके ओढून नेले, चिखलात घळी पडल्या, उन्हाळ्यात त्या वाळून टणक झाल्या आणि वर गवत वाढलं. काळ्या जमिनीतली गाडवाट ज्यानं बघितली आहे त्याला हे वेगळं सांगायला नको. जुलैत गाडीचं चाक रुतून जी चाकोरी पडते ती मार्चमध्ये लोखंडासारखी होते, तिच्यात पाय मुरगळतो. ताशी साठ-सत्तर मैलांच्या वेगानं उतरणाऱ्या ग्लायडरांची चाकं त्या चऱ्यांत अडकून तुटली. पहिली ग्लायडरं मोडून मैदानातच पडली, ती हलवता येईनात, आणि मागची जोडी तर आलीच. तिला थांबता येत नाही, परत फिरता येत नाही. अंधारात ग्लायडरवर ग्लायडर आदळत राहिलं. ३० च्या आसपास माणसं तिथं गेली, जवळपास तितकीच जखमी झाली.

संकटाचा आणि यशाचा असे दोन सांकेतिक शब्द आधी ठरले होते. सैनिकांना शिध्यात सोयाबीनच्या कांड्या डब्यातून मिळायच्या, त्या त्यांना मनापासून आवडत नसत. म्हणून संकटाचा शब्द 'सोया लिंक' आणि यशाचा शब्द 'पोर्क सॉसेज'. पहाटे कॅल्व्हर्टकडून 'सोया लिंक' आला आणि उरलेली उड्डाणं थांबवली गेली. लालाघाटला सगळ्यांचे चेहरे पडले. साडेसहाच्या सुमाराला दुसरा शब्द आला. मी डुकराचं खाणारा नाही, पण त्या सकाळी तो शब्द ऐकून सुटकेचा निःश्वास टाकणाऱ्यांत मीही असतो, एवढं खरं.

त्या दिवशी अमेरिकन इंजिनियरांच्या तुकडीनं ग्लायडरमधून आणलेल्या यंत्रांनी चऱ्या बुजवल्या आणि संध्याकाळपर्यंत धावपट्टी केली. रात्री डाकोटा उतरू लागले. ११ मार्चपर्यंत शत्रूच्या पाठीमागं ९ हजारांवर माणसं आणि १३०० हून अधिक जनावरं उतरली होती. जपान्यांना बरेच दिवस काही कळलं नाही.

सिनेमाच्या शौकिनांसाठी सांगतो. चार्ली चॅप्लिनचा १९२१ चा 'द किड' आठवतो? चॅप्लिनच्या मागं लागलेलं ते फाटक्या टोपीचं गोंडस पोर? ते पोर, जॅकी कूगन, मोठं होऊन ग्लायडर पायलट झालं होतं. त्या रात्री ब्रॉडवेवर उतरणाऱ्यांत तो होता.

आता जनावरांचं. ही बहुतेक खेचरं होती. त्यांना घेऊन जंगलात लपायचं, तर एक अडचण: खेचर ओरडतं. म्हणून जनावरांच्या डॉक्टरांनी त्यांना भूल देऊन गळ्यातला आवाजच काढून घेतला. लहानशी शस्त्रक्रिया. नंतर खेचर मान वर करतं, तोंड उघडतं, छाती भात्यासारखी हलते आणि आवाज येत नाही.

आवाजावर पोट नसलं तरी जीव असलेला मी माणूस आहे. विमानाचा आवाज काढला, खेचराचा आवाज काढला. मला हे वाचून दोन रात्री झोप नीट आली नाही. भाच्याला सांगितलं तर तो म्हणाला, "मामू, आवाज काढला नसता तर त्यांच्यासकट सगळेच मेले असते." खरं आहे. मी त्याच्याशी वाद घातला नाही.

याच महिन्यात आपल्या मराठी मुलखाची पोरं त्याच आघाडीवर होती, हेही सांगायला हवं. मणिपूरमध्ये उखरूलच्या वाटेवर सांगशाक नावाचं गाव आहे. तिथं हवाई छत्रीचं शिक्षण घेतलेली पन्नासावी भारतीय पॅराशूट ब्रिगेड जमिनीवरच लढली आणि तिच्याबरोबर पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण होती. जपानी सैन्य इंफाळ-कोहिमाकडे निघालेलं. टेकडीवर पाण्याचे हाल, विमानातून टाकलेली रसद बरीचशी जपान्यांच्याच हाती पडली. २६ मार्चच्या रात्री बाहेर पडायचा हुकूम आला, पण तोवर त्यांनी जपान्यांचे मोलाचे दिवस खाल्ले होते. ग्लायडरनं जाणाऱ्यांची नावं मोठी झाली, खंदकात बसणाऱ्यांची तितकी झाली नाहीत. पुढं मराठ्यांची एक पलटण स्वतंत्र भारताची दुसरी पॅरा झाली आणि ११ डिसेंबर १९७१ ला बांगलादेशात टांगाईलला उतरली. तेव्हा ग्लायडर नव्हते, छत्र्या होत्या. ग्लायडरांचा लष्करी जमाना महायुद्धानंतर लवकरच आटोपला. हेलिकॉप्टर आलं. ते बिनधावपट्टीचं उतरतं आणि, मुख्य म्हणजे, परत उडतं.

इथंच माझ्या बहिणीचा प्रश्न येतो.

मी भाच्याला हे सगळं त्यांच्या ओट्यावर बसून सांगायचो, तेव्हा ती तुरीची डाळ निवडत बसलेली असायची. मला वाटायचं तिचं लक्ष नाही. एके दिवशी मी पेगॅसस पूल सांगत होतो. ६ जून १९४४, मध्यरात्र नुकतीच उलटलेली, फ्रान्समध्ये होर्सा ग्लायडर पुलापासून पन्नासेक पावलांवर अलगद उतरलं, असं रंगवून. ती सूप खाली ठेवून म्हणाली, "भाई, जानेका इत्ता बताया. आनेका बताव ना."

श्रोतेहो, मी गप्प झालो. इतकं वाचलं होतं, पण हा प्रश्न माझ्या मनात आला नव्हता. पुस्तकांत उतरण्याच्या वर्णनांना पानंच्या पानं असतात.

मग तिच्यासाठी शोधू लागलो. ग्लायडर परत आणायचीही एक युक्ती होती. मैदानात दोन खांब उभे करायचे, त्यांच्यावर दोराचा फास टांगायचा, त्याचं टोक ग्लायडरला बांधायचं. डाकोटा अगदी खालून, घराच्या उंचीवरून, आकडा लटकावून येतो आणि फास उचलतो. डाकोटाच्या पोटात पोलादी दोराचं रीळ असतं. ते ब्रेक लावत सुटत जातं, म्हणून हिसका मरतो आणि उभं ग्लायडर काही सेकंदांत हवेत असतं. विहिरीवरचा रहाट सुटताना हातानं आवळत धरतात ना, तसंच. मार्च १९४५ मध्ये जर्मनीत ऱ्हाईनकाठी रेमागेनहून जखमींना अशा ग्लायडरनं उचललं.

तिला आवडली ती न्यू गिनीची गोष्ट. १३ मे १९४५ ला अमेरिकन सैन्याचं एक विमान तिथल्या डोंगरात कोसळलं. आतल्या २४ जणांतले तिघं वाचले, त्यात मार्गारेट हेस्टिंग्ज नावाची एक तरुणी. खाली अशी दरी, की रस्ता नाही आणि विमान उतरवायला जागा नाही. दीड महिना ती माणसं तिथं. शेवटी ग्लायडर खाली उतरवलं आणि २८ जूनला वरून डाकोटानं फास उचलून त्यांना बाहेर काढलं. "अल्लाह का शुक्र," बहीण म्हणाली आणि परत डाळ निवडू लागली.

ब्रॉडवेवरच्या जखमींना छोट्या विमानांनी आसामात आणलं, हेही मी तिला सांगितलं. इंदवजी तलावावर पाण्यात उतरणारी मोठी विमानं आली आणि आजारी चिंडिटांना घेऊन गेली, हेही. सगळं खरं. फक्त एक गोष्ट मी गाळली.

चिंडिटांनी मे १९४४ मध्ये 'ब्लॅकपूल' नावाचं एक ठाणं धरलं होतं. पावसाळा लागला, ढग खाली आले, विमानं येईनाशी झाली. २५ मेला ठाणं सोडावं लागलं. चालता न येणारे जखमी उचलून न्यायचे, पण उचलणारेही उपाशी आणि आजारी. त्यातले १९ जण असे होते, की वाचण्याची आशाच नव्हती. जपान्यांच्या हाती जिवंत द्यायचे नाहीत म्हणून आपल्याच माणसांनी त्यांना गोळ्या घातल्या. त्या ब्रिगेडचा प्रमुख जॉन मास्टर्स होता. पुढं 'भोवानी जंक्शन' ही कादंबरी लिहिणारा तोच. त्यानं ही गोष्ट लपवली नाही, आपल्या आत्मकथनात लिहून ठेवली.

मी मात्र लपवली. बहिणीच्या तोंडाकडे बघून लपवली.

पण हल्ली पोरांच्या हातात मोबाइल असतो. एका रात्री भाचा आला, दार लोटून घेतलं. "मामू, ब्लॅकपूल का क्यूँ नहीं बताया?" मी म्हटलं, तुझ्या अम्मीसमोर कसं सांगू? तो थोडा वेळ उभा राहिला. म्हणाला, "अम्मी को मत बताना." जाताना दारातून वळून म्हणाला, "मैं तो जानेवाला हूँ."

वर्षानुवर्षं मी सभा-संमेलनांत सांगत आलोय, की कवीनं खरं बोलावं. आणि इथं एकाच ओट्यावर बसलेल्या तीन माणसांत मी, भाचा आणि एक न सांगितलेली गोष्ट. अब्बा असते तर काय म्हणाले असते, याचा विचार करत होतो. ते फारसं बोलणारे नव्हते. पण ढिल्या पायाची खाट त्यांनी दुकानाबाहेर जाऊ दिली नसती. आमच्या गावात 'पीजे'ला सगळे हसायचे. तिच्याआधी बैलगाडी पोचते म्हणायचे. पण पाचोऱ्याला गेलेलं माणूस संध्याकाळी तिनं परत यायचंच, कितीही उशीर होवो. दिवे लागले की बाया दारात उभ्या राहून शिट्टीची वाट बघायच्या. ती गाडी २०२० साली बंद पडली. माझ्या बहिणीचा प्रश्न त्या दारातला आहे, हे मला फार उशिरा कळलं.

रेडिओवर या विषयावर बोलायचं ठरलं तेव्हा मी तिच्याकडे गेलो. म्हटलं, तू ऐकशील तर आधी माझ्याकडून ऐक. ब्लॅकपूलचं सांगितलं. १९ हा आकडाही सांगितला. ती काही बोलली नाही. सुपातली डाळ तशीच पडून होती. मग विचारलं, "उनके नाम हैं कहीं?"

मी सांगितलं, रंगूनजवळ तौक्यानला युद्धातल्या लोकांचं मोठं कबरस्तान आहे. ज्यांची कबर सापडली नाही अशा जवळजवळ २७ हजार जणांची नावं तिथल्या खांबांवर कोरलेली आहेत. त्यात अविभाजित हिंदुस्थानातले सैनिक मोठ्या संख्येनं आहेत. हिंदू, मुसलमान, शीख, गुरखे, सगळे एका छताखाली. त्या १९ जणांपैकी कुणाची नावं तिथं आहेत, हे मी तिला सांगू शकलो नाही.

ती उठली, आत गेली. मला वाटलं, रडायला गेली. परत आली ती भाच्याचा जुना बूट हातात घेऊन. तळवा झिजून भोक पडलेलं. म्हणाली, "जळगाव जा रहा है ना? नौ नंबर का ला. पळायचा, चांगला. सस्ता मत लाना."

तर रेकॉर्डिंग आटोपलं की मला फुले मार्केटला जायचं आहे. पहूरची शेवटची बस चुकायच्या आत.